वीस तासांचा हिशेब

मुळशीच्या मागच्या डोंगरात उतार संपवून ओढ्यापाशी आलो. समोर खडा चढ होता. सवयीने हँडलवरच्या शिफ्टरवर अंगठा दाबला, पण चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरचा ओळखीचा ‘झिर्र’ आवाज आला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. चेन सगळ्यात लहान, १० दात्यांच्या चक्रावर अडकून बसली होती. पुढचं चक्र ३४ दात्यांचं. म्हणजे पेडलच्या एका फेरीला सायकल पावणेआठ मीटर ढकलायची. मागे ५२ दात्यांवर चेन असती तर दीडच मीटर. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन तो चढ चालत चढलो. तासभर लागला.

श्रामची ईगल एएक्सएस ही गिअर-प्रणाली २०१९ मध्ये आली. माझ्या सायकलवर तीच आहे आणि ती मी बदलणार नाही. डिरेलर बॅटरीवर चालतो, केबलच नाही, त्यामुळे पावसाळ्यात केबलच्या नळीत चिखल जाऊन गिअर जड होत नाहीत. हात दमलेले असले तरी हलक्या दाबाने गिअर पडतो. चूक माझ्या हिशेबात होती.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी साधारण २० तास चालते, हे मला माहीत होतं. दर रविवारी अडीच तास चालवतो, म्हणजे दोन महिने बघायला नको, असं मी धरून चाललो. पण सायकल स्थिर असली की डिरेलर झोपतो आणि हादरा बसला की जागा होतो. कोथरूडहून पौडच्या रस्त्याने दर रविवारी ती गाडीमागच्या रॅकवर जायची, तेव्हा प्रत्येक खड्डा त्याला उठवत होता. मी चालवल्याचे तास मोजले, बॅटरीने हादरेही मोजले.

म्हणून गाडीवर सायकल चढवण्याआधी बॅटरी काढून घ्या. हे एवढं जरी केलंत तरी पुष्कळ. आदल्या रात्री डिरेलरचं बटण दाबून दिवा बघा. लाल असेल तर लगेच चार्जिंगला लावा, तासाभरात भरते. पंक्चरच्या सामानात एक जादा बॅटरी असू द्या. लहानशीच असते ती. हँडलवरच्या शिफ्टरमध्ये मात्र वेगळा, सीआर २०३२ हा बटणसेल असतो. तो संपला तर खाली उतरून डिरेलरवरच्याच बटणाने गिअर बदलता येतो. आणि वाटेत लाल दिवा दिसला, तर जीव आहे तोवर चेन मधल्या चक्रावर आणून ठेवा. पुढचा चढ कसाबसा तरी निघेल.

त्या दिवशी चढ संपवून वर टपरीवर पोहोचलो तेव्हा सोबतचे सगळे वाट बघत होते. आमच्यातला एक धाकटा मित्र म्हणाला, “दादा, माझ्या सीटपोस्टला हीच बॅटरी आहे. थांबवायचं ना मला!” त्याची सीट खाली-वर करणारी बॅटरी माझ्या गिअरला चालते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता निघण्याआधी कुणाच्या सायकलला कुठली बॅटरी आहे, ते आम्ही एकमेकांना विचारून घेतो.