पत्रा का फुगतो?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या. सुट्टीत एका गॅरेजमध्ये गाडीच्या दाराला पॅच लावताना मी हौसेने सलग वेल्ड ओढला. दार पापडासारखं फुगलं!

कारण असं : ०.८ मिमीचा पत्रा तापला की पसरू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला अडवतो. मग तो जागीच दबतो आणि थंड होताना आकसून आजूबाजूचं ओढून घेतो.

दुसरा पॅच मिस्त्रींनी लावला. मिगची ०.६ मिमीची तार, मागे उष्णता शोषायला तांब्याची पट्टी, आणि नुसते टॅक. एक इथे, तर पुढचा पार त्या टोकाला. मध्ये हात लावून बघायचं. चटका बसला की थांबायचं. ‘‘घाई कुणाला आहे रे?’’ शेवटी मागे डॉली धरून वेल्डवर हलके ठोके, म्हणजे आकसलेला पत्रा परत ताणला जातो.

माझं दार भंगारात गेलं. पैसे मीच भरले.