आलेखातील दोन चल

एका चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात थोडाथोडा सोरा टाकीत गेल्यास प्रथम तो सहज विरघळतो. परंतु पुढे कितीही ढवळले तरी तळाशी त्याचे खडे शिल्लक राहतात. अशा द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. तेच पात्र दिव्यावर ठेवून तापविले, की तळाचे खडे दिसेनासे होतात. म्हणजे पाण्यात किती सोरा विरघळेल, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते.

हे अवलंबन किती, ते मोजमापानेच कळते. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे 32 ग्रॅम, 40 अंशांना सुमारे 64 ग्रॅम आणि 60 अंशांना सुमारे 110 ग्रॅम सोरा विरघळतो. गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्षारांच्या विद्राव्यतेविषयीचे असे संशोधन 1819 साली प्रसिद्ध केले.

या प्रयोगात तापमान आणि विरघळलेल्या सोऱ्याचे वजन या दोन राशी बदलतात; म्हणून त्यांना चल म्हणतात. पाण्याचे वजन मात्र मुद्दाम कायम ठेवलेले असते. ती अचल राशी होय. दोन्ही चल बदलत असले, तरी त्यांचा दर्जा सारखा नाही. तापमान किती ठेवावे, हे प्रयोग करणारा ठरवितो. म्हणून तापमान हा स्वतंत्र चल. त्या तापमानाला सोरा किती विरघळेल, हे त्याच्या इच्छेवर नसते; ते त्याला मोजूनच पाहावे लागते. म्हणून सोऱ्याचे वजन हा अवलंबी चल. पहिला चल म्हणजे निसर्गाला विचारलेला प्रश्न, तर दुसरा म्हणजे निसर्गाने दिलेले उत्तर. आलेखात स्वतंत्र चल आडव्या क्ष-अक्षावर व अवलंबी चल उभ्या य-अक्षावर घेण्याचा प्रघात आहे.

हा भेद न ओळखणारा विद्यार्थी आलेखाचा विपरीत अर्थ लावील. सोरा अधिक विरघळला म्हणून पाणी तापले, असे त्याला वाटेल. वास्तविक सोरा विरघळताना पाणी उलट थंडच होते! गाडीने बैलांना ओढले, असे म्हणण्यासारखीच ही चूक आहे.

तापमान हा नेहमी स्वतंत्र चलच असतो, असेही नाही. दिव्यावरून उतरविलेल्या पाण्याचे तापमान दर दोन मिनिटांनी नोंदले, तर काळ हा स्वतंत्र चल आणि तापमान हा अवलंबी चल होतो. राशीचे नाव तेच, परंतु प्रयोग बदलताच तिचे स्थान बदलते.

सोऱ्याऐवजी मीठ घेतल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 36 ग्रॅम आणि 60 अंशांना सुमारे 37 ग्रॅम मीठ विरघळते. त्यामुळे सोऱ्याची रेषा झपाट्याने वर चढते, तर मिठाची जवळजवळ आडवीच राहते. अवलंबन थोडे की फार, हे रेषेचा चढ सांगतो. पण कोण कोणावर अवलंबून आहे, हे प्रयोग समजून घेणाऱ्यालाच कळते.

स्वाध्याय

1. खडूच्या भुकटीवर सौम्य आम्ल ओतून निघणारा वायू दर अर्ध्या मिनिटाला मोजला. यातील स्वतंत्र चल व अवलंबी चल ओळखा.

2. सोऱ्याच्या प्रयोगात पाण्याचे वजनही बदलत ठेवले असते, तर कोणती अडचण आली असती?