परिचारिकेच्या शिक्षणाची वाट

दहावीच्या वर्गांत "पुढें कोण होणार?" असें विचारलें म्हणजे दरवर्षीं चारपांच हात तरी "नर्स होणार" म्हणून वर येतात. पाचाड व रायगडाच्या घेऱ्यांतील वाड्यांवरून येणाऱ्या मुलींत तर हें उत्तर विशेष ऐकूं येतें. त्याचें कारण उघड आहे. डोंगरांतील माणसास डॉक्टर क्वचित् दिसतो. दिसते ती उपकेंद्राची आरोग्यसेविका. भर पावसांत लस घेऊन येणारी, गरोदर बाईचें वजन करून वहींत टिपून ठेवणारी, तापाच्या गोळ्या देणारी ही बाई वाडीच्या दृष्टीनें सर्व आरोग्यखातेंच असते. मुलीस तिच्यासारखें व्हावेंसें वाटलें तर नवल नाहीं. परंतु "नर्स" ह्या एका शब्दाखालीं निदान तीन निरनिराळ्या वाटा आहेत, आणि त्यांपैकीं एका वाटेचें सरळ दार मुलीच्या सोळाव्या वर्षींच, तिच्या व तिच्या आईबापांच्या नकळत, मिटून जातें, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. तीच येथें सांगावयाची आहे.

प्रथम नोंदणीकृत परिचारिका कोणास म्हणावें तें पाहूं. रुग्णालयांत गणवेष घालून वावरणारी प्रत्येक स्त्री परिचारिका नव्हे. मान्य संस्थेंत नेमलेला अभ्यासक्रम पुरा करून जिनें परीक्षा दिली, व जिचें नांव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहींत चढलें, तीच कायद्याच्या दृष्टीनें परिचारिका. मुंबई इलाख्यांत ह्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६६ चा असून त्याची परिषद मुंबईस आहे. सबंध देशाकरितां अभ्यासक्रम व प्रवेशाच्या अटी ठरवाव्या म्हणून १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. त्या कायद्याच्या जागीं राष्ट्रीय आयोगाची योजना करणारा नवा कायदा संसदेनें २०२३ सालीं केला आहे. नांव एकदां चढलें म्हणजे जन्माचें काम झालें असेंहि नाहीं. दर ५ वर्षांनीं नोंद नवी करून घ्यावी लागते.

आतां वाटा. पहिली ए. एन. एम. ची, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसविकेची. बारावी कोणत्याहि शाखेंतून झालेली चालते, मुदत २ वर्षांची, आणि हा अभ्यासक्रम मुलींसाठींच आहे. गांवची आरोग्यसेविका होते ती ह्याच वाटेनें. डोंगराळ मुलखांत ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र असावें असें सरकारी प्रमाण आहे. त्या तीन हजार जीवांची पहिली विचारपूस तिनें करावयाची. ह्या कामास हलकें लेखणारांशीं आमचें मुळींच जमत नाहीं. तथापि तिची नोंद साहाय्यक परिचारिका म्हणून निराळी होते, व तेवढ्या शिक्षणावर रुग्णालयांतील अधिपरिचारिकेची जागा तिला मागतां येत नाहीं, हें आधीं समजून असावें.

दुसरी वाट जी. एन. एम. ही पदविका. पूर्वीं ती साडेतीन वर्षांची होती. आतां ३ वर्षांची आहे. येथेंहि बारावीची कोणतीही शाखा चालते, पण ४० टक्के गुण हवेत आणि इंग्रजींतहि तितकेच हवेत. विज्ञान घेतलेलें असल्यास अधिक बरें. तिसरी वाट बी. एस्सी. नर्सिंगची. ही विद्यापीठाची पदवी आहे. मुदत ४ वर्षें, सत्रें ८. हिला मात्र बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असलेच पाहिजेत, त्यांत ४५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्क्यांची सूट आहे), आणि शिवाय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दुसरी व तिसरी ह्या दोन्ही वाटा मुलांनाहि मोकळ्या आहेत, आणि दोहींच्या शेवटीं नोंदणी एकच होते : नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसविका. रुग्णशय्येपाशीं दोघींचा अधिकार सारखाच. फरक पुढें पडतो. शिक्षिका व्हावयाचें, एम. एस्सी. करावयाचें, म्हणजे पदवी लागते.

ह्यावरून तें मिटणारें दार कोणतें हें ध्यानीं येईल. मुलगी अकरावीस कला शाखेंत गेली त्याच दिवशीं बी. एस्सी. नर्सिंगचा सरळ रस्ता तिला बंद झाला. ती कला शाखेंत कां जाते? आवडीनें जात असेल तर आमचें म्हणणें नाहीं. पण पुष्कळदां कारण निराळेंच असतें. विज्ञान शिकावयाचें म्हणजे पाचाडाहून सुमारें २५ किलोमीटरांवर महाडास रोज जावयाचें, प्रयोगांचे तास चुकवून चालत नाहीं, एस. टी. चुकली कीं दिवस गेला. खोली घेऊन राहावें तर खर्च. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "नर्सच व्हायचें ना? मग कुठलीहि बारावी कर." हा सल्ला जी. एन. एम. पुरता खरा आहे, पण अर्धा आहे. दुसरी एक भीति गणिताची. ह्या अभ्यासक्रमास गणित विषय लागत नाहीं. विज्ञान शाखेंत गणित न घेतां जीवशास्त्र घेतां येतें. केवळ बीजगणिताच्या धास्तीनें विज्ञानाकडे पाठ फिरविणाऱ्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत, आणि त्यांना ही साधी गोष्ट वेळीं कोणी सांगितली नाहीं ह्याचा दोष आम्हां शिक्षकांकडेहि येतो.

दार मिटलें म्हणजे सर्व संपलें असेंहि नव्हे. आडवाटा आहेत. नोंदणी झालेल्या ए. एन. एम. ला जी. एन. एम. ला प्रवेश मिळूं शकतो, जी. एन. एम. झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेस २ वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी. करतां येते. मात्र वर्षें मोजावीं. बारावीनंतर सरळ पदवीस ४, जी. एन. एम. वरून गेल्यास ५. अगदीं पहिल्या पायरीपासून चढत गेल्यास ७, आणि मधल्या प्रवेशांची वाट पाहण्यांत जाईल तो काळ निराळा. ज्या घरांत धाकटीं भावंडें शिकावयाचीं आहेत तेथें दोन वर्षांत हातीं येणारी नोकरी हीच शहाणपणाची निवड ठरूं शकते. पण ती निवड असावी. नकळत झालेली चूक नसावी.

एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "सुई टोंचायला जीवशास्त्र कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर महाड तालुक्यांतच सांपडतें. आपल्याकडील लाल विंचवाच्या दंशानें पूर्वीं पुष्कळ माणसें, विशेषतः लहान मुलें, दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व पुढें महाडास काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं अशा रुग्णांचा वर्षानुवर्षें अभ्यास करून प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखविला. त्यांचा लेख १९८६ सालीं "लॅन्सेट" ह्या इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत आला, आणि २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषानें रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरूं लागतें. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतें. परंतु औषध पोटांत गेल्यावर रुग्ण एकाएकीं उठून उभा राहिला तर रक्तदाब घसरून तो कोसळूं शकतो. म्हणून त्यास आडवें ठेवणें, वरचेवर नाडी व दाब पाहणें, गार पडलेलीं पावलें ऊन होऊं लागलीं कीं नाहीं हें हात लावून पाहणें, तीन तासांनीं पुन्हां औषधाची वेळ झाली हें ध्यानांत ठेवणें, आणि श्वासांत घरघर ऐकूं येतांच डॉक्टरांस उठविणें, हें सर्व रात्रभर कोण करतें? डॉक्टर एक असतो आणि खाटा अनेक. काय पाहावयाचें व कां पाहावयाचें हें जिला समजतें तीच वेळेवर हांक मारूं शकते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास येते. पण तींतील एका माणसाकडे आपलें लक्ष जात नाहीं. शोमरोन्यानें जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेंत आणलें, आणि दुसऱ्या दिवशीं पैसे देऊन तो आपल्या कामास निघून गेला. पुढील दिवसांची शुश्रूषा त्या उतारशाळेच्या रखवालदारानें केली असली पाहिजे, आणि त्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

आतां एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या ओळखीची एक मुलगी बारावी झाल्यावर जाहिरात वाचून एका खासगी संस्थेंत गेली. "नर्सिंग"चा एक वर्षाचा अभ्यासक्रम. फीसाठीं घरच्यांनीं म्हैस विकली. वर्षअखेर सोनेरी अक्षरांचें प्रमाणपत्र मिळालें. नोंदणीसाठीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं त्या संस्थेचें नांव परिषदेच्या यादींतच नाहीं. ती हुशार आहे, हात हलका आहे, रोगी तिलाच बोलावतात. पण कागदोपत्रीं ती मदतनीस, व पगारहि मदतनिसाचा. असें होऊं नये म्हणून पैसे भरण्याआधीं महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्य संस्थांच्या यादींत नांव स्वतः पाहावें. संस्थेनें भिंतीवर लावलेल्या पाटीवर भरंवसूं नये. परीक्षा कोण घेतें हें विचारावें. शिक्षणासाठीं रुग्णालय कोणतें, तेथें खाटा किती, हें प्रत्यक्ष जाऊन पाहावें, कारण रोग्यांवांचून हें शिक्षण म्हणजे विहिरीवांचून पोहणें होय. परराज्यांतील संस्था स्वस्त म्हणून कोणी सुचविली तर तेथील नोंद महाराष्ट्रांत चालेल कीं नाहीं हें आपल्या परिषदेस आधींच लेखी विचारावें.

रात्रपाळीचा धाक पुष्कळ आईबापांस वाटतो. तो नवा नाहीं. मुंबईस १८९१ सालीं काशीबाई गणपत ह्या परिचारिकेच्या शिक्षणासाठीं पुढें आल्या तेव्हां हा मार्ग आपल्या बायकांस जवळजवळ अपरिचितच होता. पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या सेवासदनाच्या द्वारें रमाबाई रानडे ह्यांनीं बायकांस ह्या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हांहि तें समाजास सहजासहजीं रुचलें नाहीं. आणि गंमत अशी कीं, रायगडचा कडा काळोखांत उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीची कथा पाहुण्यांस अभिमानानें सांगणारे आपणच, मुलीनें रात्रीं दुसऱ्याच्या बाळापाशीं जागावें म्हटलें कीं बिचकतों. काळजी वाटते ती खोटी नाहीं; वसतिगृह कसें आहे, रात्रीं रुग्णालयापर्यंत नेण्याआणण्याची सोय काय, हे प्रश्न बापानें संस्थेस सरळ विचारावेत.

खर्चाविषयीं थोडेंसें. सरकारी संस्थांत फी पुष्कळच कमी, पण जागा थोड्या. म्हणून प्रवेशपरीक्षेंतील गुणांस मोल. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असलेल्या कांहीं वर्गांतील मुलींस शिक्षणशुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं केला. आपण घेत असलेल्या अभ्यासक्रमास व संस्थेस तो लागू आहे कीं नाहीं हें प्रवेशाच्या वेळीं विचारून घ्यावें. ह्या सवलती कागदांवर अवलंबून असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तेथें जातीचा दाखला व त्याची वैधता. पाचाडच्या माणसास ह्यांतील बहुतेक कामांसाठीं महाडच्या कचेरीच्या खेपा कराव्या लागतात, आणि जूनमध्यें तेथें सर्व तालुका लोटलेला असतो. वैधतेच्या प्रमाणपत्रास सर्वांत अधिक दिवस लागतात. त्याचा अर्ज अकरावीबारावींत असतांनाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा. बाकीचे दाखले दिवाळीच्या सुटींत, शेताचीं कामें आटोपलीं म्हणजे, काढून एका पिशवींत घालून ठेवावेत, आणि ती पिशवी पावसाचें पाणी न लागेल अशा जागीं टांगावी.