पालेभाजीचा नव्हे, ज्वारीच्या पाल्याचा इलाज

आमचा धंदा कापडाचा. मग भाजीपाल्याच्या रोगावर आम्ही का लिहावे, असे वाचक बंधू विचारतील. हकीकत अशी की, आमची अर्धी उधारी टोमॅटोवर उभी असते. 2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, सातारा भागात टोमॅटोची फळे तिरंगी होऊन माल फेकावा लागला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू आढळला. लग्नाचा बस्ता उधार नेलेल्या एका गिऱ्हाइकाने वर्षभर दुकानाची पायरी चढली नाही. मागायला जावे, तर कोणत्या तोंडाने?

विषाणूला औषध नाही, ही पहिली गोष्ट. बुरशीवर फवारणी चालते. विषाणू मात्र झाडाच्या पेशीतच राहतो. रोगी झाड उपटून गाडावे लागते. तरीही काही वनस्पतींच्या रसाने विषाणूला अटकाव होतो, हे 1925 सालीच अमेरिकेत तंबाखूच्या मोझॅकवर दिसले. आपल्याकडे लखनौ विद्यापीठात पुनर्नव्याच्या मुळावर बरेच काम झाले. गुलबाक्षी आणि बोगनवेल यांतही असे प्रथिन असते. ते विषाणूला मारीत नाही, झाडाचीच ताकद जागी करते. म्हणून रोग येण्याआधी फवारले तरच फायदा. पाने आकसल्यावर धावपळ करणे म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप घेणे.

तामिळनाडू कृषी विद्यापीठाने भुईमुगाच्या शेंडेमर रोगासाठी ज्वारीच्या किंवा नारळाच्या पाल्याचा अर्क सांगितला आहे. तोच विषाणू टोमॅटोवरही येतो. जून पाने वाळवून भुकटी करावी. एक किलो भुकटी दोन लिटर पाण्यात 60 अंशांवर तासभर तापवावी, मलमलीतून गाळून दहा लिटर करावी. पेरणीनंतर 10 व्या आणि 20 व्या दिवशी फवारावी. एकरी 200 लिटर द्रावण लागते, म्हणजे एका फवारणीला वीस किलो भुकटी. पाला घरचा, खर्च सरपणाचा आणि मजुरीचा. मलमल खळ काढलेली, धुतलेली घ्यावी. कोऱ्या कापडाची खळ अर्कात उतरते आणि पंपाचे नोझल तुंबते. (हे आमच्या खात्यातले ज्ञान!) भुईमुगाचा हा नुस्खा टोमॅटोवर आधी दोन ओळींतच आजमावा.

नुसत्या अर्कावर विसंबू नये. मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी हे विषाणूचे हमाल. रोपवाटिकेला बारीक जाळी लावावी, 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना शिवू नये.

आता बाजाराची बाब. ‘व्हायरस खलास’ म्हणून बाटल्या विकल्या जातात. आमच्या त्याच गिऱ्हाइकाने रोग दिसल्यावर तशी बाटली आणली होती, पावतीशिवाय. कीडनाशक म्हणून विकलेल्या मालावर 1968 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी क्रमांक असावा लागतो. क्रमांक नसेल, दुकानदार पक्की पावती देत नसेल, तर बाटली तिथेच ठेवावी. आम्ही कापडाचा तुकडा देतानाही पावती फाडतो.