बे एरियात घर घेताना: किंमत कशी जोखावी, परवडतं का हे कसं ठरवावं

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच विचारणा सुरू होते, 'घर कधी घेताय?' मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या वास्तुशांतीच्या पंगतीत. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, पण त्या प्रश्नाने घाई सुटते आणि या गावात घाई फार महाग पडते. फ्रीमाँट, सनीवेल, कूपर्टिनो, डब्लिन, सॅन होजे इथे बरीच वर्षं राहिलेल्या कुटुंबांनी सांगितलेल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आपल्याला झेपणारा आकडा घर बघायला निघण्याआधी, घरी बसून ठरवावा. घर आवडल्यावर केलेला हिशेब त्या घराच्याच बाजूने झुकतो.

लिस्टिंगवरचा आकडा म्हणजे किंमत नव्हे

इथे घर बाजारात आणताना मागणीची किंमत अनेकदा मुद्दाम कमी ठेवतात. शनिवार-रविवारी ओपन हाउस होतं, पुढच्या आठवड्यात ऑफर द्यायची तारीख असते, आणि आलेल्या ऑफरींमध्ये चढाओढ लागते. म्हणून साइटवर 'आपल्या बजेटमधली' घरं शोधताना मागणीचा आकडा धरू नका. गेल्या तीन ते सहा महिन्यांत त्याच भागात, त्याच शाळेच्या हद्दीत, त्याच प्रकारची घरं किती रुपयांना नव्हे, किती डॉलरला प्रत्यक्ष विकली गेली ते बघा. रुपयांत गुणाकार करायची सवय लवकर सोडलेली बरी. पगारही डॉलरमध्ये आहे आणि हप्ताही.

चौरस फुटाचा दर वापरताना जपून. स्वतंत्र घराच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा असतो, त्यामुळे लहान घराचा दर चढा दिसतो आणि मोठ्या घराचा उतरलेला. टाउनहाउसची तुलना टाउनहाउसशीच करा, कॉन्डोची कॉन्डोशी. एक यादी स्वतःच करावी: आवडलेल्या भागातली घरं, त्यांची मागणीची किंमत आणि विक्रीची किंमत. दोन-तीन महिने ही यादी भरली की एजंटने आकडा सांगण्याआधी तुमच्या तोंडी आकडा येईल.

शेजाऱ्याच्या हिशेबाशी तुलना नको

कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्का, आणि करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढणार. घर विकलं गेलं की मात्र नवं मूल्यांकन खरेदीच्या किमतीवर होतं. म्हणजे १९९५ साली घर घेतलेले शेजारी आणि आज घेणारे तुम्ही, एकाच गल्लीत, सारख्याच घरात राहून अगदी वेगळा कर भरता. घराच्या माहितीत दिसणारा कर हा विकणाऱ्याचा जुना कर असतो, त्यावर विसंबू नका. स्थानिक रोखे वगैरे धरून खरेदीच्या किमतीच्या सव्वा टक्क्यापर्यंत कर गृहीत धरा. शिवाय खरेदीनंतर काही महिन्यांनी फरकाचं एक पूरक बिल येतं. ते सहसा बँकेकडे न जाता थेट तुमच्या पत्त्यावर येतं, तेव्हा त्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

डब्लिनसारख्या नव्या वस्त्यांत 'मेलो-रूस' हा आणखी एक आकार असतो. रस्ते, शाळा, उद्यानं यांसाठी काढलेल्या रोख्यांची ती परतफेड. घर नवं, किंमत रास्त, पण करबिलात दरवर्षी काही हजार डॉलर वाढलेले, असं होऊ शकतं. ऑफर देण्याआधी हा आकडा आणि तो कोणत्या वर्षी संपतो, हे दोन्ही विचारा.

व्याजदरातही शेजाऱ्याशी तुलना टिकत नाही. २०२१ मध्ये तीस वर्षांचं स्थिर दराचं कर्ज तीन टक्क्यांच्या आत मिळत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर आठ टक्क्यांच्या जवळ गेला. बारा लाख डॉलरच्या कर्जाला तीन टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,०६० डॉलर पडतात, साडेसहा टक्क्यांनी सुमारे ७,५८५. त्यामुळे 'त्यांना जमलं तर आपल्याला का नाही' या प्रश्नाला इथे अर्थ उरत नाही.

महिन्याचा पूर्ण हिशेब

समजा, पंधरा लाख डॉलरचं टाउनहाउस आहे. वीस टक्के म्हणजे तीन लाख डाउन पेमेंट, बारा लाख कर्ज, दर साडेसहा टक्के.

- हप्ता: ७,५८५
- मालमत्ता कर, १.२ टक्के धरून: १,५००
- एचओए (वस्तीच्या घरमालक संघटनेचं शुल्क): ४००
- विमा: २००

एकूण ९,६८५ डॉलर. दुरुस्ती वेगळी. इथली बरीच स्वतंत्र घरं १९५० ते १९७० च्या दशकांतली आहेत. छत, गटाराची वाहिनी, विजेचं पॅनेल, पाया यांपैकी काहीतरी कधीतरी खर्च काढणारच. अशा घरासाठी किमतीचा एक टक्का दरवर्षी बाजूला ठेवावा. भूकंपाचं नुकसान नेहमीच्या विम्यात येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. हेवर्ड फॉल्ट फ्रीमाँटमधूनच जातो, म्हणून घर त्याच्या किती जवळ आहे ते धोक्यांच्या अहवालात वाचा.

आता भाड्याशी तुलना. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ६,५०० डॉलर निव्वळ व्याज असतं, मुद्दल फक्त १,०८५. म्हणजे कर, एचओए, विमा धरून परत न मिळणारा खर्च ८,६०० डॉलर. तसंच घर ४,८०० डॉलर भाड्याने मिळत असेल, तर फरक महिन्याला ३,८००, वर्षाला ४५,६००, म्हणजे घराच्या किमतीच्या तीन टक्के. घर दरवर्षी निदान तेवढं वाढलं, आणि वर तीन लाखांनी दुसरीकडे जे कमावलं असतं तेही भरून निघालं, तर बरोबरी. करात थोडी सूट मिळते, पण व्याजाची सूट साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जालाच आहे. विकताना पाच-सहा टक्के खर्चात जातात. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत हलण्याची शक्यता असेल तर भाड्याचं घर हाच शहाणपणा. भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, हे कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी हा हिशेब कागदावर मांडून बघा.

शाळा आणि अंतर

किमतीत शाळेचा वाटा मोठा आहे. पोस्टाचा पत्ता बघून शाळा ठरत नाही. पत्ता सॅन होजेचा असला तरी पश्चिम भागातली काही घरं कूपर्टिनो युनियन या शालेय जिल्ह्यात येतात. 'फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट' फ्रीमाँट शहरात नाहीच, ते सनीवेल-कूपर्टिनोकडे आहे. घराचा पत्ता देऊन जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः खात्री करा. मूल पाळण्यात असेल तर आज तुम्ही हायस्कूलचे पैसे तेरा-चौदा वर्षं आधीच मोजता आहात, आणि हद्दी बदलतात. विद्यार्थी घटल्यामुळे कूपर्टिनो युनियनने २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळा बंद केल्या.

ट्रेसी, माउंटन हाउस इथे त्याच पैशात दुप्पट घर मिळतं, पण आल्टमाँट खिंड रोज दोनदा ओलांडावी लागते. ऑफर देण्याआधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, ऑफिसच्या वेळेला, तो प्रवास दोघांनीही करून बघा. बार्ट ही रेल्वे २०२० पासून मिलपिटास आणि बेरिएसापर्यंत येते, त्यामुळे ईस्ट बेमध्ये राहणाऱ्यांना काही ठिकाणी गाडीवाचूनही जमतं.

बँक देते तेवढं घेऊ नका

बँक किती कर्ज देते, यावरून काय परवडतं ते कळत नाही. जुन्या कुटुंबांचे चार नियम आहेत.

पहिला, हिशेब मूळ पगारावर करा. कंपनीचे शेअर आणि बोनस डाउन पेमेंटला वापरा, हप्त्याला नको. शेअर हाती येताना कर कापला जातो, भाव पडतो, आणि नोकरी गेली तर पुढचे शेअर मिळतच नाहीत.

दुसरा, दोघांपैकी एकाच्या पगारावर काही महिने घर चालेल असा हप्ता ठेवा. बाळंतपण, आजारपण, आईवडिलांसाठी भारतात जावं लागणं, हे कुठल्याही घरात येतं.

तिसरा, एच-१बीवर असाल तर नोकरी गेल्यावर सहसा साठ दिवसांत दुसरी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधावा लागतो. या व्हिसावर कर्ज मिळतं, घरही घेता येतं. पण सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये ओतू नका; सहा ते बारा महिन्यांचा संपूर्ण खर्च हाताशी राहिला पाहिजे.

चौथा, पुण्या-ठाण्याचा फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर वर्षभर आधी कामाला लागा. अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण आधी भारतातला कर आणि पैसे बाहेर पाठवण्याची करविषयक कागदपत्रं पूर्ण करावी लागतात. आईवडिलांनी भेट म्हणून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त दिले, तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, पण न भरल्यास दंड मोठा असतो. भेट परतफेडीची नाही, असं पत्र बँकही मागते.

ऑफर देताना

विक्रेत्याने दिलेले तपासणीचे अहवाल ओळ न ओळ वाचा. चढाओढीत लोक तपासणी, कर्ज आणि मूल्यांकनाच्या अटी सोडून देतात. मूल्यांकनाची अट सोडली आणि बँकेने घर कमी किमतीचं ठरवलं, तर वरचा फरक रोख भरावा लागतो. तेवढी रोकड नसेल तर ती अट सोडू नका. नंतर मागे फिरलात तर साधारण तीन टक्के इसारा गमवावा लागू शकतो. पंधरा लाखांच्या घराला ते पंचेचाळीस हजार डॉलर होतात.

दोघांनी मिळून ठरवलेला कमाल आकडा एका कागदावर लिहा आणि ऑफरच्या रात्री तो ओलांडायचा नाही, एवढं पाळा. चार-पाच ऑफरी हुकतील. हुकू द्या. या भागात घरं पुन्हा येतात. हप्त्याखाली दबलेलं घरातलं स्वास्थ्य परत यायला मात्र वर्षं लागतात. आणि पुढच्या गणपतीत कुणी विचारलंच, तर 'अजून भाड्याने राहतोय, हिशेब जुळला की घेऊ' एवढं उत्तर पुरेसं आणि मानाचं आहे.