भुसा, स्टोक्स आणि आजोबांचा दमा

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी फक्त घरात बोलण्यापुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (मराठी विभागाच्या संपादकांनी "तू फक्त लिही, काना-मात्रा आम्ही बघतो" असं आश्वासन दिलंय, म्हणून हे धाडस!)

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच कारपेंट्री शॉपमध्ये जॉब केलाय. खाकी अ‍ॅप्रन, हातात करवत आणि दोन-दोन तास घासून केलेला तो हाफ लॅप जॉइंट. त्यात शेवटी फट राहतेच आणि ती आपण भुसा आणि फेव्हिकॉलनं बुजवतो. सरांना कळत नाही असं आपल्याला वाटतं! बहुतेकांनी त्यानंतर लाकडाला हात लावला नसेल. मला मात्र वेड लागलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, की पुस्तकांचं शेल्फ स्वतः करायचं. एमडीएफ दुकानातूनच कापून आणलं, कडांना सागवानी पट्टी लावायची होती. गल्लीतल्या सुतारकाकांनी त्यांचा सँडर दोन दिवसांसाठी दिला. देताना म्हणाले, "ताई, नाकाला रुमाल बांधा बरं का. आमचं काय, आम्हाला सवय झाली." आणि खोकले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घराच्या मागच्या खोलीत दुपारभर सँडर चालवला. साडेचारला थांबले तेव्हा सगळीकडे पिठासारखा थर. केरसुणीनं झाडून काढलं, उरलेली धूळ निघून जावी म्हणून सीलिंग फॅन पाचवर ठेवला, रुमाल सोडला आणि अंघोळीला गेले. तासाभरानं आजोबा चहाचा कप घेऊन आले. "वा! पिठाच्या गिरणीत आल्यासारखं वाटतंय," म्हणाले आणि खुर्ची टाकून अर्धा तास तिथेच बसले. नातीनं केलेलं शेल्फ ना!

आजोबांना जुना दमा आहे, पण दोन वर्षांत त्रास झालेला नव्हता. त्या रात्री अकराला त्यांची छाती वाजायला लागली. पंप घेतला, पुन्हा घेतला, उतार पडेना. बाबांनी गाडी काढली. दवाखान्यात नेब्युलायझर लावल्यावर दीडच्या सुमारास श्वास जागेवर आला. डॉक्टरांनी विचारलं, "आज घरात कसली धूळ उडाली होती का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं म्हणणं एकच होतं. मी झाडलं होतं! धूळ दिसतही नव्हती! परत आल्यावर झोप लागेना म्हणून वही काढली, आणि फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात पाच मार्कांसाठी पाठ केलेला स्टोक्सचा नियम पहिल्यांदा मनापासून वापरला.

बारीक कण हवेत पडताना त्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा, तर वेग एक चतुर्थांश आणि खाली यायला लागणारा वेळ चौपट. सोयीसाठी कणाची घनता पाण्याइतकी धरली आणि नाकाची उंची दीड मीटर. १०० मायक्रॉनचा कण (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो) पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला आठ मिनिटं लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास, २ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ साडेतीन तास. १ मायक्रॉनचा कण बारा तासांहून जास्त वेळ तरंगत राहतो! आणि हे सगळं अगदी स्थिर हवेत. मी तर पंखा पाचवर ठेवला होता. म्हणजे धूळ घालवायच्या नावाखाली मी ती ढवळत होते.

आता उलट्या बाजूनं बघा. मोठे कण नाकातच अडकतात. शिंका येतात, शेंबूड काळपट होतो, आपण म्हणतो "बाप रे, किती धूळ". १० मायक्रॉनच्या आतले कण श्वासनलिकांपर्यंत जातात आणि साधारण ४-५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणजे जी धूळ डोळ्यांना दिसते आणि झाडूला सापडते, ती त्यातल्या त्यात गरीब. खरी त्रासदायक धूळ काम संपल्यावर, आपण रुमाल सोडल्यावर, स्वच्छ दिसणाऱ्या खोलीत तासन् तास असते.

प्रत्येक अवजाराची धूळही सारखी नसते. रंध्यातून कुरळी सालपटं निघतात, ती फुप्फुसात जाणं शक्यच नाही. हातकरवतीचा भुसा जाड असतो. सँडर आणि बारीक पॉलिश पेपर मात्र लाकडाचं अक्षरशः पीठ करतात. एमडीएफ तर मुळातच बारीक तंतू आणि रेझिन दाबून केलेलं, त्यामुळे त्याची धूळ अजून बारीक. त्या रेझिनमध्ये बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड असतं. सागवान आणि शिसवीसुद्धा साधी नाहीत, त्यांच्यातल्या रसायनांनी काही जणांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते. "नैसर्गिक लाकूड आहे, त्यानं काय होतंय" हे मीही म्हणायचे.

काय होतं याचा इतिहास इंग्लंडमधल्या हाय विकम या गावाचा आहे. खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव. तिथे एस्थर हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या सर्जन होत्या. नाकाच्या एका दुर्मीळ कॅन्सरचे त्यांचे पेशंट पुन्हा पुन्हा फर्निचर कामगारच निघत होते. त्यावरचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुढे १९९५ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं (आयएआरसी) लाकडाच्या धुळीला ग्रुप १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. फॉर्मल्डिहाइडही २००४ पासून त्याच ग्रुपमध्ये आहे. घाबरवायचं नाहीये. ते कामगार वर्षानुवर्षं धुळीत होते, आपण सुट्टीत एखादं शेल्फ करतो. पण दम्याला वर्षं लागत नाहीत, एक संध्याकाळ पुरते. त्रास कित्येकदा काही तासांनी, रात्री सुरू होतो, म्हणून दुपारच्या कामाशी त्याचा संबंध आहे हे लक्षातच येत नाही.

अमेरिकेतल्या नायोश या संस्थेनं सुचवलेली मर्यादा आहे घनमीटरला १ मिलिग्रॅम, दिवसभराच्या कामाची सरासरी. आमची मागची खोली तीन बाय तीन बाय तीन मीटर, म्हणजे २७ घनमीटर. म्हणजे खोलीभर मिळून फक्त २७ मिलिग्रॅम! चिमूटभर मीठसुद्धा यापेक्षा कितीतरी जड असतं.

मग करायचं काय? आपण सगळे आधी मास्ककडे धावतो, पण मास्क ही शेवटची भिंत. मास्क फक्त माझ्या नाकावर असतो, आजोबांच्या नाही. धूळ जिथे तयार होते तिथेच पकडायची. बहुतेक सँडरला मागे एक नळी असते, तिला व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा. सोबत येणारी कापडी पिशवी जाड भुसा धरते, बारीक धूळ तिच्यातून बाहेर येते. आणि एक छोटीशी गोष्ट, जी मला दोन दिवस कळली नव्हती. पॉलिश पेपरला जी भोकं असतात, ती सँडरच्या पॅडच्या भोकांवर बरोबर बसली पाहिजेत. माझा पेपर तिरका लागला होता, म्हणजे धूळ ओढून घ्यायचा रस्ताच बंद! घरातला साधा व्हॅक्यूमही बारीक धूळ मागच्या बाजूनं पुन्हा खोलीत सोडतो, म्हणून हेपा फिल्टरवाला हवा. तो नसेल तर व्हॅक्यूम दाराबाहेर ठेवायचा आणि फक्त नळी आत घ्यायची. हा जुगाड माझा!

दुसरं म्हणजे हवा बाहेर काढणं. सीलिंग फॅन बंद. खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवायचा आणि समोरचं दार किंचित उघडं, पण घरातल्या बाजूचं नव्हे, अंगणातलं. समजा पंख्यानं तासाला २७० घनमीटर हवा बाहेर टाकली, तर खोलीची हवा तासात दहा वेळा बदलते. एक्स्पोनेन्शियल डिकेचं गणित केलं तर ९९ टक्के धूळ जायला साधारण २८ मिनिटं लागतात. (एम-थ्री वाल्यांनी करून बघा, एलएन १०० भागिले १०.) कोपऱ्यातली हवा हलत नाही, म्हणून मी दुप्पट धरते, पूर्ण एक तास. गच्ची किंवा अंगण असेल तर सगळ्यात उत्तम, फक्त वारा बाजूनं येईल असं उभं राहायचं.

मग मास्क. रुमालाच्या विणीतून बारीक धूळ जाते आणि कडेनं तर दारच उघडं असतं. सर्जिकल मास्कचंही तेच. २०२० च्या कोविडनंतर एन-९५ कुणाला नवीन नाही, पण तो नीट बसवणारे कमी. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर मास्क बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. (आमच्या क्लासमधल्या समस्त दाढीवाल्यांनी नोंद घ्यावी.) धुळीसाठी व्हॉल्व्हवाला चालतो, चष्म्यावर वाफही कमी धरते. मात्र फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे, एन-९५ त्याला अडवत नाही. तिथे खिडकीतला पंखाच कामाला येतो.

केरसुणी आता त्या खोलीत येत नाही. व्हॅक्यूम किंवा ओला पोछा, तोही मास्क घालूनच. कपडे दारातच बदलायचे, कारण कुर्त्याच्या घड्यांतून धूळ थेट स्वयंपाकघरात जाते.

सँडर परत करायला गेले तेव्हा सुतारकाकांसाठी दोन एन-९५ नेले. त्यांनी एक लावून बघितला, म्हणाले, "ताई, ह्यात तंबाखू कशी खायची?" मला काही उत्तर सुचलं नाही. पण परवा फोनवर आई म्हणाली, की शेजारच्यांच्या किचन ट्रॉलीचं काम चालू आहे आणि काका मास्क लावून सँडर मारतात. तंबाखूसाठी बाहेर जातात.

मे महिन्यात दुसरं शेल्फ केलं, आजोबांच्या पोथ्यांसाठी. या वेळी काम संपल्यावर आजोबा दाराबाहेरच उभे राहिले, हातात चहा आणि मनगटावर घड्याळ. "काय गं, तुझ्या त्या स्टोक्सची अजून किती मिनिटं राहिली?"

"बावीस, आजोबा."

"मग चहा आत नको, बाहेरच आण," म्हणाले आणि अंगणात खुर्ची टाकली.