गंजका पत्रा भंगारात देऊ नये

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनात घेणारा मनुष्य प्रथम इंजिनाची चिंता वाहू लागतो, आणि ती चिंता बहुधा अनाठायी असते. कारण पिस्टन, बेअरिंग, बुश यांच्या अडचणीवर लेथवर बसणारा कोणीही कसबी कारागीर तोड काढू शकतो, परंतु मडगार्डाची दुहेरी वळणाची पाठ, दरवाजाचा तळ आणि उंबऱ्याखालची पोकळ पट्टी एकदा नाहीशी झाली, म्हणजे ती कोणत्याही दुकानात कोणत्याही भावाने मिळत नाही. आमच्या नांदेडच्या वाड्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या फियाट ११०० ने हे ज्ञान मला चांगलेच महागात दिले. ते इतरांस स्वस्तात मिळावे, एवढाच या मजकुराचा हेतू.

ही गाडी ज्या घडणीची, तिला मुंबईकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९५३ साली इटलीत निघालेल्या या नमुन्यात निराळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, मागचे सुलटे, म्हणून प्रत्येक बाजूचे दोन्ही दरवाजे एकाच मधल्या खांबावर टांगलेले असतात. आणि हा खांब ज्या उंबऱ्याच्या पट्टीत रोवलेला, ती पट्टी सडली की दोन्ही दरवाजांचे वजन घेऊन खांब खाली बसू लागतो. दरवाजा बंद करताना किंचित वर उचलावा लागला, तर बिजागरीला दोष देण्यापूर्वी खाली वाकून उंबरा पाहावा.

मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून येथे गाडी गंजत नाही, असा एक गोड समज आहे. टपावर तो बराचसा खराही ठरतो. तथापि आमची काळी माती पावसाळ्यात चाकाबरोबर उडून मडगार्डाच्या आतल्या कंगोऱ्यात आणि उंबऱ्याच्या पोकळीत जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि बाहेरचा रंग शाबूत असता पत्रा आतून खाते. आमच्या गाडीची डावी पट्टी उघडली तेव्हा आतून मातीची सलग वडी निघाली. तिच्यात ज्वारीच्या कडब्याची एक काडी जशीच्या तशी होती, पत्रा मात्र तांबूस भुकटी होऊन हाताला लागला. सबब खरेदीपूर्वी बारीक फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक सर्व अंगावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे, असे खुशाल समजावे.

सुटे भाग धुंडाळण्याकरिता मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगारपेठ, पुण्याचा जुना बाजार आणि आम्हां नांदेडकरांना निजामी अमलापासून जवळचे असलेले हैदराबाद, ही ठिकाणे पालथी घालावीच लागतात. परंतु तेथे ‘फियाटचा’ म्हणून जे हाती ठेवले जाते, ते बहुतकरून १९६४ साली आलेल्या ११०० डिलाइटचे किंवा १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने चाललेल्या तिच्या वारसाचे असते. पद्मिनीवाल्यास हे भाग उपयोगी पडतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मोडीत निघत होत्या तोवर त्यांचा तुटवडाही नव्हता, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्यावर तो झराही आटला. डुक्कर फियाटचे अंग मात्र निराळे. तिच्यावर पद्मिनीचे मडगार्ड बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवणे होय. एका व्यापाऱ्याने छायाचित्र दाखवून विसार घेतला आणि पाठवले ते हेच. तेव्हापासून भागावर मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आल्यावाचून मी पैसा सोडत नाही.

जो भाग मिळत नाही तो घडवावा लागतो; आणि येथे माणूस निवडण्यात गफलत होते. लातुरात काय किंवा नांदेडात काय, पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्याचे कूलर करणारे कारागीर पुष्कळ आहेत, व त्यांचा हात साफही आहे. पण त्यांची विद्या पत्रा दुमडण्याची, फुगवण्याची नव्हे. मडगार्ड दोन्ही दिशांनी वळते. त्यासाठी पत्रा मध्ये ताणावा आणि कडेला आकसवावा लागतो, आणि ही कला ज्याने हंडे-घागरी ठोकल्या त्या तांबटाला अधिक ठाऊक असते. मला असा एक वृद्ध तांबट भेटला. त्याने मोटारीचे काम पूर्वी कधी केले नव्हते. पण वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्रा खोलगट करून तो लाकडी साच्यावर पुनःपुन्हा बसवून पाहण्याचा त्याचा संथपणा कोणत्याही नामांकित डेंटरला शिकवावा असा होता.

पत्रा वीस गेजाचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, घ्यावा. कूलरचा जस्ती पत्रा सहज मिळतो म्हणून घेऊ नये. जोडताना जस्ताचा धूर छातीला बाधतो आणि सांधाही खात्रीचा होत नाही. सलग सांधा ओढीत नेल्यास उष्णतेने पत्रा लहरी धरतो, याकरिता दूर दूर टाके घालावे आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा.

आता मुख्य गोष्ट. उंबऱ्याच्या पट्टीचे काम लातूरच्या एका वर्कशॉपकडे दिले होते. त्याचे नाव घेण्यात हशील नाही. त्या मंडळींनी दरवाजे उतरवले, आत कोणताही आधार न देता डावी पट्टी पुढून मागपर्यंत एकदम कापली, आणि सडका पत्रा त्याच संध्याकाळी भंगारवाल्यास विकून टाकला. सांगाडा मध्ये दबला. दरवाजे पुन्हा लावले तेव्हा पुढच्याची कड मागच्यावर चढू लागली, आणि मूळ माप सांगणारा तो पत्रा कोठल्याशा भट्टीच्या वाटेला लागलेला. उजवी बाजू शाबूत होती म्हणून निभावले: तिच्यावर जाड कागद बसवून साचा उतरवला, तो उलटा करून डावी पट्टी घडवली, आणि खांब जॅकने अंशाअंशाने वर घेतला. दोन्ही बाजू कापल्या असत्या, तर ती गाडी सरळ करणे ब्रह्मदेवालाही जड गेले असते.

म्हणून कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरपे धीरे जोडावे, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावे, एका वेळी एकच बाजू आणि तीही तुकड्यातुकड्याने काढावी. आणि निघालेला प्रत्येक तुकडा, तो चाळणीसारखा झालेला असला तरी, चिठ्ठी बांधून आपल्या ताब्यात ठेवावा. गंजक्या पत्र्यात बोल्टांची छिद्रे, कडांचे दुमड आणि वळणाची साक्ष शिल्लक असते. नवा भाग गाडीवर चपखल बसेपर्यंत तोच अस्सल दस्तऐवज, बाकी सगळी नक्कल. कारागिराशी लेखी कबुलायत करताना जुना माल मालकाचा, हे कलम पहिले घालावे.

याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सबब उत्साहाच्या भरात सगळा सांगाडाच नवा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला नमस्कार करून परत फिरावे. दुरुस्तीची छायाचित्रे क्रमाने, तारखांसह राखून ठेवावी. आरटीओपुढे तोंडी इतिहासाचा उपयोग होत नाही.

नांदेड, लातूर, उदगीर, कंधार या बाजूंच्या जुन्या वाड्यांत, गिरण्यांच्या आवारांत आणि शेतातल्या आखाड्यांवर अशा गाड्यांचे दरवाजे, बोनेट, डिकीची झाकणे अजून पडून आहेत. कोठे त्यांचे गोठ्याला दार झाले आहे, कोठे कोंबड्यांचे खुराडे. ती विकण्याची गरज नाही, दान करण्याचीही नाही. कोणी कागद-पेन्सिल घेऊन दारी आला, तर त्याला घटकाभर माप उतरवून घेऊ द्यावे, एवढीच विनंती आहे.